फिरत्या ट्रॉलीवरील लिथियम बॅटरीची बैठक

दसरा उलटला की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अनेक वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे हलू लागतात. बीड व जालना जिल्ह्यांप्रमाणेच येथील कुटुंबेही पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रातील अथवा कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि जनावरांचा कडबा भरला जातो. अलीकडे या सामानात आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे सौर पट्टी व तिच्यावर भरली जाणारी लिथियम बॅटरी. कारखान्याच्या तळावर कोपीत दोन दिवे लागावेत, मोबाईल भरावा, लेकरांना अभ्यासापुरता उजेड मिळावा, एवढ्यासाठी ही खरेदी केलेली असते.

गावी राहणाऱ्या शेतकऱ्याकडेही अशीच सोय आता आढळते. रानडुकरांपासून मका राखण्यासाठी झटका यंत्र, फवारणीचा पंप, राखणीचा दिवा यांना वीज हवी असते. ती एका शेतातून दुसऱ्या शेतात नेता यावी म्हणून लहान एकआसी ट्रॉलीवर सौर पट्टी आणि बॅटरी बसविली जाते. मोसंबीच्या बागेतून मक्याच्या शेतात आणि तेथून आल्याच्या वाफ्यांकडे अशी ही गाडी वर्षभर पाणंद रस्त्याने फिरत राहते.

सौर पट्टी किती वॅटची घ्यावी, बॅटरी किती अँपिअर-तासांची असावी, याची चौकशी बहुतेक ग्राहक काळजीपूर्वक करतात. तथापि ती बॅटरी ट्रॉलीत कोठे व कशी बसवावी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक बॅटरीचे आयुष्य, आणि कित्येकदा तिच्याजवळ निजणाऱ्या माणसांची सुरक्षितताही, या बैठकीवरच अवलंबून असते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हा विषय बिऱ्हाडे निघण्यापूर्वीच गावात समजावून देणे इष्ट आहे.

बॅटरी बदलली, बैठक मात्र जुनीच राहिली

शिसे व आम्ल यांची जुनी १०० अँपिअर-तासांची बॅटरी २५ ते ३० किलो वजनाची असते. ती उचलावयास बहुधा दोन माणसे लागतात. आम्ल सांडून कपडे जळतील, या धास्तीने ती उभी आणि बांधूनच नेली जाते. त्याच क्षमतेची लिथियम बॅटरी ११ ते १३ किलोंची असते. तिच्यात सांडण्यासारखे आम्ल नाही. ती एका माणसाला सहज उचलता येते. या सोयीमुळेच निष्काळजीपणास वाव मिळतो. बॅटरी पोत्यांच्या फटीत खोचली जाते, अंथरुणात गुंडाळली जाते किंवा ट्रॉलीच्या फाळक्याला सुतळीने अडकविली जाते.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. जुन्या बॅटरीसाठी केलेल्या लोखंडी चौकटीतच नवी बॅटरी ठेवली जाते. नवी बॅटरी आकाराने लहान असल्यास चौकटीत दोन-चार बोटांची फट उरते. त्या फटीत चिंध्या अथवा गोणपाट कोंबले जाते. पहिल्या दिवशी ते घट्ट वाटते. दहा-वीस कोस गेल्यावर गोणपाट दबते, फट पुन्हा मोकळी होते आणि बॅटरी चौकटीच्या लोखंडावर आपटू लागते.

दिव्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या अशा बॅटरीत सामान्यतः लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलचा दाब ३.२ व्होल्ट, म्हणून संपूर्ण बॅटरीचा दाब १२.८ व्होल्ट होतो. सेलच्या जोडीला एक संरक्षक विद्युत्‌मंडल असते. बॅटरी अति भरली, अति रिकामी झाली अथवा मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागला, तर ते प्रवाह तोडते. लिथियम बॅटरीच्या इतर काही प्रकारांपेक्षा हा प्रकार उष्णता अधिक सोसतो. परंतु तो पेटतच नाही, असे समजणे चुकीचे आहे. शिवाय बॅटरीच्या बाहेर तार लोखंडाला घासून जी ठिणगी पडते, तिला आतील रसायन कोणते याच्याशी काही कर्तव्य नसते. कडबा पेटण्यास तेवढी ठिणगी पुरेशी होते.

धक्का नव्हे, हालचाल घातक

ट्रॉली खडबडीत रस्त्यावरून जाणार, म्हणजे तिला धक्के बसणारच. ते टाळता येत नाहीत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. त्यामुळे आपल्या भागातील पाणंद रस्ते दरवर्षी नव्याने खाचखळग्यांचे होतात. लहान ट्रॉल्यांना तर पुष्कळदा स्प्रिंग-पाटे नसतातच. चाकाला बसलेला प्रत्येक धक्का सरळ तळाच्या पत्र्यापर्यंत पोहोचतो.

धान्य पाखडताना सुपात काय घडते, ते प्रत्येक घरात पाहावयास मिळते. सूप वर उचलले जाते तेव्हा दाणे त्याबरोबर वर जातात. सूप झटक्याने खाली येते तेव्हा दाणे मागे, हवेतच राहतात आणि मग सुपावर आदळतात. सैल ठेवलेल्या बॅटरीची गत या दाण्यांसारखीच होते. चाक खड्ड्यात पडले की ट्रॉलीचा तळ एकदम खाली जातो, बॅटरी क्षणभर अधांतरी राहते आणि नंतर तळावर आपटते. तळाला घट्ट बांधलेली बॅटरी तळाबरोबर वर जाते व तळाबरोबरच खाली येते. तिला धक्का बसतो, पण आपटी बसत नाही.

हा फरक किती मोठा आहे, हे साध्या हिशेबाने कळेल. छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगर-पुणे मार्गे कोल्हापूर सुमारे साडेचारशे किलोमीटर पडते. दर पाच मीटरांस एक लहानसा धक्का धरला, तरी एका खेपेत नव्वद हजार धक्के होतात. परतीचा प्रवास मिळविला की ही संख्या एक लाख ऐंशी हजार होते. एका धक्क्याला बॅटरी जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकत असली, तरी तिच्याबरोबर हलणारी तार पत्र्याच्या कडेवर तेवढ्याच वेळा घासली जाते. कानशीने लोखंड झिजते, तेथे तारेवरील प्लास्टिकचे आवरण किती काळ टिकणार?

अशा हालचालीमुळे तीन प्रकारची हानी होते.

पहिली हानी तारेची. आवरण झिजून तांबे उघडे पडते व ट्रॉलीच्या लोखंडाला टेकते. लिथियम बॅटरी अशा वेळी फार मोठा प्रवाह एकदम देऊ शकते. वाटेत फ्यूज नसेल, तर तार क्षणार्धात लाल होते.

दुसरी हानी जोडाची. बॅटरीच्या टोकावरील नट हळूहळू ढिला होतो. ढिल्या जोडातून प्रवाह जाताना तेथे उष्णता निर्माण होते, टोक काळवंडते आणि त्याभोवतीचे प्लास्टिक मऊ पडते. खड्डा आला की दिवा मिचकावणे, हे याचे पहिले लक्षण होय.

तिसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. बॅटरीच्या आत सेल एकमेकांस पातळ धातुपट्ट्यांनी जोडलेले असतात आणि संरक्षक मंडलाकडे बारीक तारा गेलेल्या असतात. सततच्या आपटण्याने हे सांधे तुटतात. मग एक सेल अधिक भरतो, दुसरा कमी भरतो, आणि कित्येक हंगाम टिकावयाची बॅटरी पहिल्याच हंगामात निरुपयोगी ठरते.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार धाव चढवीत असे, ती तापवूनच. थंड झाल्यावर ती चाकाला आवळून बसे आणि चाक वर्षानुवर्षे दगडधोंड्यांतून चाले. धाव सैल राहिली, तर मात्र तेच चाक थोड्याच दिवसांत खिळखिळे होई. रस्ता तोच, ओझेही तेच. फरक केवळ आवळून बसण्याचा. बॅटरीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे.

लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेली एक चाचणी-मालिका आहे. ती ‘यू.एन. ३८.३’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील कंपन चाचणीत बॅटरी सेकंदाला ७ ते २०० कंपनांच्या टप्प्यात हलविली जाते. तीन दिशांनी, प्रत्येक दिशेस तीन-तीन तास ही चाचणी चालते. या चाचणीची एक अट ध्यानात घेण्याजोगी आहे. बॅटरी कंपन-यंत्राच्या फलाटावर घट्ट बसविलेली असली पाहिजे, मात्र त्या आवळण्याने सेलचा आकार बिघडता कामा नये. याचा अर्थ असा की, बॅटरीने कंपन सोसल्याचा जो दाखला मिळतो, तो घट्ट बसविलेल्या बॅटरीचा असतो. गोणपाटात सैल ठेवलेल्या बॅटरीला तो लागू पडत नाही.

देशात २०२२ साली विजेवर चालणाऱ्या दुचाकींना आगी लागल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर केंद्र शासनाने अशा वाहनांच्या बॅटरीविषयीचे ‘ए.आय.एस. १५६’ हे मानक अधिक कडक केले. कंपनाची चाचणी त्या मानकातही आहे. ट्रॉलीवर घरगुती पद्धतीने बसविलेल्या बॅटरीची मात्र कोणी तपासणी करीत नाही. ती जबाबदारी मालकाने स्वतःच पार पाडावयाची असते.

जागा कोणती निवडावी

एकआसी ट्रॉली पुढे ट्रॅक्टरच्या हुकाला टेकलेली असते. चाक उसळले की ती त्या हुकाभोवती वरखाली होते. त्यामुळे हुकापासून जितके दूर जावे, तितकी उसळी अधिक. मागच्या फाळक्याजवळ ती सर्वांत जास्त असते. यास्तव बॅटरी आसाच्या पुढे, ट्रॉलीच्या पुढील भिंतीच्या आतल्या बाजूस व शक्यतो मध्यरेषेवर बसवावी. बाहेर दांडीवर ती बसवू नये. तेथे चाकांनी उडविलेले दगड व चिखल लागतो.

ऊन हा दुसरा विचार. मराठवाड्यात उन्हाळ्यात हवेचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, आणि उन्हात तापलेला पत्रा त्याहून पुष्कळ गरम होतो. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर भरू नयेत, अशी सूचना त्यांच्या पत्रकात असते. म्हणून बॅटरी सावलीत राहील व तिच्याभोवती हवा खेळेल, अशी जागा पाहावी. ती गोधडीत गुंडाळू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कडबा, पाचट, रॉकेल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्याजवळ बॅटरी ठेवू नये. ट्रॉलीतून माणसांची वाहतूक करणे नियमाविरुद्ध व धोक्याचे आहेच. तथापि मुक्कामी रात्री तिच्यातच निजण्याची वेळ कुटुंबांवर येते. अशा वेळी निजणाऱ्याचे डोके बॅटरीकडे असू नये, आणि बाहेर पडण्याची वाट बॅटरीच्या बाजूने नसावी.

लागणारे साहित्य

पुढील मापे नमुन्यादाखल ३३ सेंटिमीटर लांब, १७ सेंटिमीटर रुंद व २१ सेंटिमीटर उंच अशा बॅटरीसाठी दिली आहेत. आपली बॅटरी मोजून त्यांत बदल करावा.

१. चौकटीसाठी २५ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल.
२. तळासाठी १२ मिलिमीटर जाडीचे पाण्याने न फुगणारे प्लायवूड.
३. तळाला व चारही बाजूंना लावण्यासाठी ५ मिलिमीटर जाडीची टणक रबरी पट्टी. जुन्या पट्ट्याचे किंवा चटईचे टणक रबर चालते.
४. वरून दाबण्यासाठी २५ मिलिमीटर रुंदीच्या दोन लोखंडी पट्ट्या आणि ८ मिलिमीटर जाडीचे चार लांब आट्यांचे बोल्ट. त्याऐवजी कुलपासारखा अडकणारा रॅचेट पट्टा वापरता येतो.
५. चौकट ट्रॉलीला जोडण्यासाठी ८ मिलिमीटरचे चार बोल्ट, मोठे वॉशर आणि नायलॉक नट.
६. तारेसाठी रबरी ग्रोमेट, क्लॅम्प, तांब्याचे लग, फ्यूज व त्याचा धारक.

मऊ फोम, उशी, थर्माकोल, सुतळी, नायलॉनची दोरी आणि सायकलची ट्यूब या वस्तू या यादीतून जाणीवपूर्वक वगळल्या आहेत. दोरी ताणली जाते व ट्यूब लांबते. फोमविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. मऊ गादीवर बॅटरीला धक्का कमी लागेल, असे वाटते. परंतु जाड मऊ फोमवर बॅटरी स्वतःच झुलू लागते आणि रस्त्याची लय व फोमची लय जुळली की उसळी कमी होण्याऐवजी वाढते. शिवाय फोम काही दिवसांत दबून पातळ होतो आणि वरचा पट्टा आपोआप सैल पडतो. पातळ, टणक रबराचे काम धक्का शोषण्याचे नसून लोखंड व बॅटरी यांच्यातील बारीक फट भरून काढण्याचे आहे.

बसविण्याची कृती

प्रथम बॅटरी ट्रॉलीतून काढून दूर ठेवावी व मगच वेल्डिंगचे काम सुरू करावे. बॅटरी जोडलेली असताना वेल्डिंग केल्यास तिच्या आतील संरक्षक मंडल बिघडण्याचा व ठिणगी पडण्याचा धोका असतो.

अँगलची चौकट आतून ३४ सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद करावी. प्रत्येक बाजूस ५ मिलिमीटर रबर लावल्यानंतर बॅटरी तिच्यात हाताने दाबून बसेल, इतपतच जागा उरते. चौकटीच्या कडा बॅटरीच्या उंचीच्या एक तृतीयांश, म्हणजे ७ सेंटिमीटर तरी उंच असाव्यात. त्यासाठी चार कोपऱ्यांना उभे अँगल जोडून त्यांवर दुसरी आडवी चौकट द्यावी. वेल्डिंगचे टोचरे कानशीने घासून गुळगुळीत करावेत आणि गंज न चढेल असा रंग द्यावा.

ही चौकट ट्रॉलीच्या केवळ पत्र्यावर न बसविता पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला आरपार बोल्टने आवळावी. नुसत्या पत्र्याला मारलेले स्क्रू काही दिवसांत भोक मोठे करून निघून येतात. बोल्टच्या दोन्ही बाजूंस मोठे वॉशर घालावेत व खाली नायलॉक नट लावावा.

त्यानंतर तळाशी प्लायवूड व रबर घालून बॅटरी सरळ उभी ठेवावी. उत्पादकाने बाणाने दाखविलेली दिशा पाळावी; बॅटरी उलटी तर कधीच ठेवू नये. दोन्ही लोखंडी पट्ट्यांना खालून रबर चिकटवावे आणि त्या टोकांपासून दूर राहतील अशा बॅटरीच्या पाठीवर आडव्या ठेवून बोल्टने आवळाव्यात. बॅटरीची दोन्ही टोके रबरी टोपणांनी झाकावीत. आवळताना पाना टोकांवर पडणार नाही, याची दक्षता घ्यावी. पाना एकाच वेळी दोन्ही टोकांना लागला, तर तो हातातच तापून वितळू लागतो.

आवळण्यास मर्यादा आहे. पट्टीखालचे रबर किंचित दबले की थांबावे. आवळण्यापूर्वी व नंतर बॅटरीच्या झाकणावर एक सरळ फूटपट्टी ठेवून पाहावी. झाकण मध्ये खोलगट झालेले दिसल्यास आवळणे अति झाले, असे समजून ढिले करावे. बॅटरीच्या अंगात स्क्रू मारणे अथवा भोक पाडणे सर्वथा वर्ज्य होय.

वरच्या पट्ट्यांना किती बळ हवे? १२ किलोंची बॅटरी वजनाच्या तिप्पट जोराने उसळली, तर पट्ट्यांवर ३६ किलोंचा ताण येतो. सुरक्षिततेसाठी ही बांधणी बॅटरीच्या पाचपट, म्हणजे साठ किलोंचे वजन पेलील अशी असावी. सोपा नियम असा की, एका प्रौढ माणसाचे वजन ज्या पट्टीला टांगता येणार नाही, ती पट्टी बॅटरीला लावू नये.

शेवटी सहा दिशांची परीक्षा घ्यावी. बॅटरीला दोन्ही हातांनी धरून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली जोराने हलवावे. ट्रॉली हलली तर हरकत नाही. ट्रॉलीच्या मानाने बॅटरी केसभरही हलता कामा नये. बॅटरी ही ट्रॉलीतील सामान राहिली नाही, ती ट्रॉलीचाच एक भाग झाली, असे ज्या वेळी वाटेल, त्या वेळी बैठक योग्य झाली असे समजावे.

तारा, जोड आणि फ्यूज

बॅटरी घट्ट बसली, पण तार लोंबकळती राहिली, तर निम्मेच काम झाले. लोंबणारी तार प्रत्येक धक्क्याला झुलते आणि तिचे सर्व वजन टोकाच्या नटवर येते. म्हणून टोकापासून एक वितीच्या आत तार चौकटीला क्लॅम्पने धरावी. टोक व क्लॅम्प यांच्यामध्ये तारेला हलका बाक ठेवावा. ताणलेली तार तुटते.

तार बारीक धाग्यांची, लवचिक असावी. लग तारेवर योग्य हत्याराने दाबून बसवावा. नुसत्या डागाने चिकटविलेल्या तारेत कथील आतपर्यंत झिरपते, तेवढा भाग ताठ होतो आणि कंपनाने नेमका त्याच्या काठाशी मोडतो. पत्र्यातील प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट घालावा. टोकाच्या नटखाली स्प्रिंग वॉशर असावा. नट उत्पादकाने सांगितला असेल तितकाच आवळावा आणि नट व बोल्ट या दोहोंवरून लाल रंगाची एक रेघ ओढावी. पुढे ती रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे हे पाना न लावताही समजते. वाहनांच्या कारखान्यांत अशी खूण करण्याची पद्धत आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेला एखादा तरुण आता बहुतेक गावांत असतो. त्याच्याकडून हे काम उत्तम रीतीने करून घेता येईल.

फ्यूज धन टोकापासून एक वितीच्या आत बसवावा. फ्यूज दूर असेल, तर बॅटरी ते फ्यूज एवढ्या तारेला कसलेच संरक्षण राहत नाही. फ्यूजचे माप असे काढावे. नऊ वॅटचे चार दिवे, वीस वॅटचा एक पंखा आणि मोबाईलसाठी वीस वॅट, मिळून ७६ वॅट होतात. त्यांस १२.८ ने भागल्यास सुमारे ६ अँपिअर येतात. अशा भारास २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि १० अँपिअरचा, डी.सी. प्रवाहासाठी बनविलेला फ्यूज योग्य होईल. जळालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अथवा सिगारेटची चांदी लावणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे होय. दोन जादा फ्यूज चौकटीजवळ डबीत ठेवावेत.

फवारणी पंपाच्या बॅटऱ्यांविषयी येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. बोटाएवढे गोल सेल जोडून त्यांवर केवळ निळे प्लास्टिक चढविलेल्या बॅटऱ्या बाजारात मिळतात. त्या पंपाच्या कठीण डब्याच्या आत बसविण्यासाठी असतात. तशाच उघड्या त्या ट्रॉलीवर बांधू नयेत. पट्ट्याचा दाब थेट सेलवर येतो. ट्रॉलीसाठी कठीण कवचाची, उत्पादकाचे नाव, क्षमता व संरक्षक मंडलाचा उल्लेख असलेली बॅटरीच घ्यावी व पावती जपून ठेवावी.

तपासणी केव्हा करावी

नवी बैठक पहिल्या दहा किलोमीटरनंतर अवश्य तपासावी. रबर या अवधीत थोडे दबते व पट्ट्या पुन्हा आवळाव्या लागतात. लांबच्या प्रवासात प्रत्येक मुक्कामी रंगाच्या रेघा पाहाव्यात, बॅटरी हाताने हलवून पाहावी आणि टोकांजवळ हात नेऊन ऊब जाणवते का ते पाहावे. तळावर पोहोचल्यानंतर दर पंधरवड्यास एकदा, आणि शेतात फिरणाऱ्या ट्रॉलीची दर महिन्यास एकदा तपासणी पुरे होते. प्रवासात दिव्यांचा मुख्य खटका बंद ठेवावा. सौर पट्टीची तारही सोडून ठेवणे चांगले.

धोक्याची चिन्हे

बॅटरीचे अंग फुगणे, कवचास चीर पडणे, काही काम नसता ती गरम लागणे, गोडसर उग्र वास येणे, खड्ड्यात दिवे मिचकावणे अथवा भरलेली बॅटरी अचानक बंद पडणे, ही चिन्हे होत. यांपैकी एकही दिसल्यास बॅटरी भरणे व वापरणे त्वरित थांबवावे. तिला घरात, कोपीत अथवा ट्रॉलीत न ठेवता उघड्यावर, सावलीत, माणसे व गवत यांपासून दूर ठेवावे. ती उघडून पाहू नये.

धूर निघू लागल्यास सामान वाचविण्याच्या मागे लागू नये. प्रथम मुले व माणसे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस बाहेर काढावीत. हा धूर विषारी असतो. शक्य असल्यास ट्रॅक्टर सोडून पुढे न्यावा व जनावरे मोकळी करावीत. १०१ अथवा ११२ या क्रमांकावर वर्दी द्यावी. सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी मारता आल्यास मारावे. येथे पाण्याचे काम बॅटरी थंड करण्याचे आहे, म्हणून एक-दोन बादल्यांनी भागत नाही. ज्वाला विझल्यानंतरही अशी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. तिला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नये.

निकामी बॅटरी उकिरड्यात पुरू नये, जाळू नये व भंगारासाठी फोडू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्यामार्फत ती परत करावी.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

हा विषय सभेत बोलून जितका पटतो, त्याहून अधिक तो डोळ्यांनी पाहून पटतो. कार्यकर्त्याने दोन सारख्या विटा घ्याव्यात व प्रत्येकीला वर्तमानपत्राचा एकेरी कागद गुंडाळावा. दोन पत्र्याचे डबे घ्यावेत. पहिल्या डब्यात वीट नुसती ठेवावी. दुसऱ्यात चारही बाजूंस रबर देऊन ती घट्ट बसवावी व वरून पट्ट्याने आवळावी. दोन्ही डबे एकाच ट्रॉलीच्या तळाला बोल्टने पक्के करावेत. मग ट्रॉली पाणंद रस्त्याने दोन किलोमीटर नेऊन आणावी आणि सर्वांसमक्ष डबे उघडावेत.

पहिल्या विटेचा कागद कडांवर फाटलेला व विटेचा भुगा डब्यात पडलेला दिसेल. दुसऱ्या विटेचा कागद बहुधा जसाच्या तसा असेल. दोन्ही विटा एकाच रस्त्याने, एकाच ट्रॉलीतून गेल्या होत्या, एवढेच नंतर सांगावे. कागदाच्या जागी तारेचे आवरण आहे असे समजा, हे वाक्य जोडले की वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

हे प्रात्यक्षिक भाद्रपद संपण्यापूर्वी करावे. त्यानंतर मुकादमाच्या गाड्या गावात येऊ लागतात आणि बांधाबांधीच्या घाईत कोणास सवड राहत नाही. प्रात्यक्षिकास घरातील स्त्रियांना आवर्जून बोलवावे. तळावर दिवे, मोबाईल व बॅटरी यांची रोजची हाताळणी त्याच करतात, आणि दिवा मिचकावू लागल्याचे प्रथम त्यांच्याच ध्यानात येते. चौकट, पट्ट्या, बोल्ट व फ्यूज यांचा एकूण खर्च नव्या बॅटरीच्या किमतीच्या मानाने अल्प आहे. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात हे काम अर्ध्या दिवसात होते. बिऱ्हाड निघण्याच्या दिवशी ट्रॉलीच्या चाकांतील हवा व हुकाची खीळ पाहण्याची रीत आहेच. त्याच वेळी बॅटरीला हात लावून ती हलते किंवा नाही, हेही पाहण्याची सवय लावून घ्यावी.